विश्लेषण : कोड ‘रन’ होतो, पण सॉफ्टवेअर घडवायला शिकवले जाते का?

अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या पदवीत विद्यार्थ्याने स्वतः सॉफ्टवेअर बांधून दाखवावे, अशी अपेक्षा मुख्यतः अंतिम वर्षाच्या प्रकल्पात असते. तयार प्रकल्प विकत घेऊन सादर करणे ही जुनी वाट. आता कृत्रिम प्रज्ञेची साधने मागाल तो कोड काही मिनिटांत लिहून देतात. मग या प्रकल्पाला गुण नेमके कशाचे द्यायचे, हा प्रश्न अध्यापक आणि परीक्षक दोघांपुढे आहे.

प्रोग्रामिंग येणे आणि सॉफ्टवेअर घडवणे यात फरक काय?

वसतिगृहाच्या मेसचे उदाहरण घेऊ. चार विद्यार्थ्यांचा गट मेसच्या बिलाचे सॉफ्टवेअर करायला घेतो. मेसमालक सांगतो, ‘हिशोब सोपा आहे, महिन्याचे इतके पैसे.’ दुसऱ्या भेटीत कळते, की सलग तीन दिवस जेवायला न आल्यास खाडा धरला जातो आणि तेवढे पैसे वजा होतात. तिसऱ्या भेटीत पाहुण्याचे ताट निघते, मग रविवारी रात्री मेस बंद असते हे निघते, आणि परीक्षेच्या सुट्टीत खाड्याचा नियम वेगळा असतो हेही. मालक काही लपवत नव्हता. जे रोज हाताखालून जाते ते सांगण्यासारखे आहे, असे त्याला वाटलेच नव्हते. ते विचारून काढणे हे कामाचे पहिले अंग.

दुसरे अंग रचनेचे. सत्र संपत आल्यावर मालक म्हणतो, खाडा आता तीनऐवजी दोन दिवसांवर धरू. हा ‘तीन’ कोडमध्ये एकाच ठिकाणी असेल तर बदल मिनिटाभराचा आहे. पण तो बिलाच्या पानावर, मासिक अहवालात, पावतीत आणि मोबाइल अॅपमध्ये वेगवेगळा लिहिलेला असेल, तर तीन ठिकाणी बदलला जातो, चौथ्या ठिकाणी राहतो आणि महिनाअखेरीस पावती व बिल जुळत नाही. दोन्ही कोड पहिल्या दिवशी सारखेच ‘रन’ होत होते. प्रात्यक्षिक परीक्षेत दोघांना सारखेच गुण मिळाले असते.

या विषयाची सुरुवात कुठून झाली?

ऑक्टोबर १९६८ मध्ये ‘नाटो’च्या विज्ञान समितीने जर्मनीतील गार्मिश येथे सुमारे ५० तज्ज्ञांची परिषद भरवली. मोठ्या संगणक प्रणाली ठरल्या वेळेत, ठरल्या खर्चात आणि भरवशाच्या का बनत नाहीत, हा तिचा विषय होता. परिषदेला ‘सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग’ हे नाव मुद्दाम डिवचण्यासाठी दिले होते : पूल बांधणाऱ्यांकडे जशी शिस्त असते तशी इथे का नाही? विद्यापीठांतील आजचा या नावाचा विषय त्या चर्चेचाच वारसा सांगतो.

वारशात काही गैरसमजही आले. ‘वॉटरफॉल मॉडेल आकृतीसह स्पष्ट करा’ हा प्रश्न परीक्षेत ज्याने कधी सोडवला नाही, असा संगणक अभियंता सापडणे अवघड. आधी गरजा, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी, अशी एकाखाली एक उतरणारी ही आकृती विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधावरून आली, असे मानले जाते. त्याच निबंधात रॉइस यांनी या सरळ उतरंडीत धोका आहे असे बजावले होते आणि मागे वळून दुरुस्ती करण्याच्या वाटा सुचवल्या होत्या. आकृती अभ्यासक्रमात राहिली, इशारा बहुतेक ठिकाणी गळाला.

वर्गात हे खरोखर शिकवता येते का?

येते, आणि त्याचा दाखला पन्नास वर्षांहून जुना आहे. डेव्हिड पार्नस यांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्यांना एक लहान काम दिले : दिलेल्या ओळींतील प्रत्येक शब्द आळीपाळीने सुरुवातीला आणायचा आणि त्या सर्व ओळींची वर्णानुक्रमे सूची करायची. चांगला प्रोग्रामर हे एकट्याने आठवड्या-दोन आठवड्यांत करील. पार्नस यांनी मात्र कामाचे पाच भाग पाडले. प्रत्येक भागाने बाहेर काय द्यायचे एवढेच नेमकेपणाने लिहून दिले. आत ते कसे करायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. एकाच भागाची वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी लिहिलेली रूपे एकमेकांच्या जागी बसवता येत होती, आणि त्यांच्या जुळणीतून काम तेच पण घडण वेगळी असे १९२ प्रोग्राम तयार झाले.

यातली शिकवण नेमकी होती. आपला भाग चांगला लिहिणे पुरेसे नव्हते. ज्याच्याशी आपण बोललोही नाही त्याच्या भागाशी तो जुळायला हवा होता. पुढे बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकाच भागाच्या पोटात दडवा, म्हणजे बदलाची झळ इतरांना लागत नाही, हे तत्त्व पार्नस यांनी १९७२ मध्ये याच सूचीच्या उदाहरणातून मांडले. मेसमधला खाड्याचा ‘तीन’ एकाच जागी का हवा, याचे उत्तर तिथे आहे.

दुसरी वाट फ्रेड ब्रुक्स यांची. आयबीएममध्ये ओएस/३६० या अवाढव्य प्रणालीचे काम सांभाळून ते चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात आले आणि १९६४ मध्ये तिथला संगणकशास्त्र विभाग उभा केला. त्यांच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांचे गट खऱ्या ग्राहकासाठी काम करत. ग्राहक खरा असला की तो मत बदलतो, बैठकीला उशिरा येतो, आणि केलेले काम पाहून ‘मला हे नको होते’ असे म्हणतो. पाठ्यपुस्तकातला काल्पनिक ग्राहक यातले काहीच करत नाही. उशीर झालेल्या प्रकल्पात आणखी माणसे घातली तर तो आणखी लांबतो, हे ब्रुक्स यांनी १९७५ च्या पुस्तकात मांडलेले निरीक्षण आजही शिकवले जाते.

महाराष्ट्रात अडते कुठे?

कागदावर तरतूद आहे. पुणे आणि मुंबई या दोन्ही विद्यापीठांच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात अंतिम वर्षाचा प्रकल्प दोन सत्रांत विभागलेला असतो, गाइड असतो, बाहेरचा परीक्षक असतो. अडते ते गुण कशाला मिळतात इथे. परीक्षकासमोर येते ती बांधीव प्रत, म्हणजे मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘ब्लॅक बुक’, एक सादरीकरण आणि काही मिनिटांचा डेमो. या तिन्ही गोष्टी शेवटच्या पंधरवड्यात उभ्या करता येतात. म्हणून गटातली कामाची वाटणीही ठरून गेली आहे : एक जण कोड करतो, एक पीपीटी, एक ब्लॅक बुक, आणि चौथा छपाई व बाइंडिंगसाठी धावतो. चौघांच्या गुणपत्रिकेत प्रकल्पाचे श्रेय मात्र जवळपास सारखेच.

दोष सगळा विद्यार्थ्यांचा नाही. एकेका अध्यापकाकडे तासिका, जर्नल तपासणी आणि मान्यतेच्या कागदपत्रांबरोबर अनेक गट असतात. दुसऱ्याचा कोड बसून वाचायला वेळ लागतो, आणि त्या वेळेची नोंद वेळापत्रकात नसते. ज्यांनी स्वतः कधी दुसऱ्याच्या जुन्या कोडमध्ये दुरुस्ती केलेली नाही, अशांनाही हा विषय शिकवावा लागतो, ही दुसरी अडचण आहे. तिच्याबद्दल कमी बोलले जाते.

कृत्रिम प्रज्ञेने काय बदलले?

गिटहब कोपायलट २०२१ मध्ये आणि चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. त्यानंतर ग्रंथालय, रुग्णालय, उपस्थिती अशा नेहमीच्या विषयांचा चालणारा कोड मिळवणे अवघड राहिलेले नाही. तयार प्रकल्प विकणाऱ्यांना निदान पैसे मोजावे लागत होते.

पण मेसचा कोड मागितला तर साधन सर्वसाधारण मेसचा कोड देते. परीक्षेच्या सुट्टीत खाडा वेगळा, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणजे विचारणे, रचना ठरवणे आणि मिळालेला कोड वाचून त्यातली चूक पकडणे, ही कामे माणसाकडे उरतात. यातले तिसरे काम नवशिक्यासाठी सर्वात अवघड, कारण स्वतः चुका करत कोड लिहिलेला नसेल तर दुसऱ्याची चूक दिसत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी साधने बाजूला ठेवून हाताने लिहायला लावणे आणि शेवटच्या वर्षी ती उघडपणे वापरू देणे यात विसंगती नाही. सरसकट बंदी फार काळ टिकेल असे दिसत नाही. ती पाळली जाते की नाही हे तपासण्याचा भरवशाचा मार्गच नाही.

मग मूल्यमापन कसे करता येईल?

एक उपाय ‘गिट’सारख्या प्रणालीतल्या नोंदी पाहण्याचा. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी बनवलेल्या या साधनात कोणी, केव्हा, काय बदलले याचा माग राहतो. वर्षभराचे काम एका रात्रीत ओतलेले असेल तर ते बहुधा दिसते. मात्र नोंदी बनवताही येतात, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देणे घाईचे ठरेल.

अधिक खात्रीचा उपाय तोंडी परीक्षेत आहे. डेमो पाहून झाला, की परीक्षकाने लहानसा बदल सांगायचा : खाडा तीनवरून दोन दिवसांवर आणा. गट संगणकावर शोधू लागला की, कोणाला कोणती फाइल उघडायची हे माहीत आहे आणि कोण नुसतेच मागे उभे आहे, हे लपत नाही. यासाठी नवे यंत्र लागत नाही, प्रत्येक गटामागे थोडा जास्त वेळ लागतो.

पार्नस यांच्या वर्गाशी नाते सांगणारा तिसरा उपाय म्हणजे पहिल्या सत्राअखेर गटांनी आपापले प्रकल्प अदलाबदल करायचे आणि दुसऱ्या सत्रात दुसऱ्याचा कोड पुढे न्यायचा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बहुतेकांच्या वाट्याला हेच येते. यात गुणांचा गुंता आहे. ‘आम्हाला मिळालेला कोडच वाईट होता’ ही तक्रार येणारच, आणि अनेकदा ती खरी असेल. त्यामुळे मिळालेल्या कोडची स्थिती काय होती याचा अहवाल ताबा घेताना त्या गटाने लिहून द्यायचा आणि आधीच्या गटाने त्यावर सही करायची, हे नियमावलीत पहिल्या दिवशीच असावे लागते.