'हॉट टॉडी'मधली आपली ताडी

सर्दी झालीये, त्यामुळे आज आवाज जरा घोगरा येईल, सांभाळून घ्या. पण विषय त्या सर्दीतूनच सुचला. परवा एका कॅफेच्या मेन्यूवर 'हॉट टॉडी' दिसलं. व्हिस्की, गरम पाणी, मध, लिंबू, वर लवंग-दालचिनी. मित्र म्हणाला, "घे की, औषधच आहे ते. टॉड नावाच्या डॉक्टरने काढलंय, म्हणून टॉडी."

गोष्ट झकास आहे, फक्त तारखा जुळत नाहीत. रॉबर्ट बेंटली टॉड हे खरेखुरे डॉक्टर, जन्म डब्लिनचा, काम लंडनमध्ये, आणि पेशंटला ब्रँडी देण्याबद्दल प्रसिद्ध. पण त्यांचा जन्म १८०९चा. गरम पाणी, साखर घातलेल्या दारूला 'टॉडी' म्हटल्याची लेखी नोंद १७८६ची आहे. म्हणजे डॉक्टरांच्या जन्माआधीच नाव तयार होतं!

शब्द खरा आपल्याकडचा. संस्कृत ताल, त्याचं ताड, आणि ताडाच्या रसाची ताडी. आता 'गाडी', 'ताडी' मोठ्याने म्हणून बघा. यातला 'ड' जीभ झटकून येतो, 'डबा'तल्या 'ड'सारखा नाही. हा आवाज इंग्रजांकडे नव्हताच. म्हणून १६००च्या सुमाराला कोणी 'तारी' लिहिलं, कोणी 'टॅडी', आणि शेवटी 'टॉडी' टिकलं.

गंमत म्हणजे ताडी गरम करून कोणी पीत नाही! रात्रभर रस मडक्यात ठिबकतो. पहाटे उतरवली तर गोड नीरा. ऊन चढलं की ती आंबायला लागते, आणि फार ठेवली तर थेट व्हिनेगर. असली नाशवंत चीज तेव्हाच्या जहाजातून विलायतेला कशी टिकणार? माझा अंदाज असा, की नाव तेवढं तिकडे पोचलं आणि थंडीत जे गोड, कढत पेय हाताशी होतं त्याला चिकटलं.

आणि हो, त्या उबेबद्दल. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर पडत असते. घशाला बरं वाटतं ते गरम पाण्याने आणि मधाने. मी तेवढंच मागवलं. वेटरने विचित्र नजरेने बघितलं, बघू दे.

माझे आजोबा डहाणूकडचे, ताडावर चढायचे. आमच्या घरात 'ताडी' हा शब्द पाहुण्यांसमोर काढायचा नाही, असा नियम होता. मेन्यूवर तोच शब्द वळणदार अक्षरात बघून मी फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. आईचा रिप्लाय आला, "केवढ्याला?"

तुमच्याकडे काय म्हणतात? ताडाची ती ताडी, माडाची ती माडी, गोव्यात सूर, शिंदीच्या झाडाची शिंदी. आणखी कुठला शब्द असेल तर व्हॉइस नोट पाठवा.