ग्रॅनाइट व बेसाल्ट
शिलारस (पृथ्वीच्या अंतरंगातील वितळलेले खडकद्रव्य) थिजून तयार होणाऱ्या अग्निज खडकांपैकी हे दोन अतिशय विपुल व परस्परांहून अगदी भिन्न असे खडक होत. भूखंडांच्या कवचाच्या वरच्या भागात ग्रॅनाइट व तत्सम खडक बहुसंख्य असतात, तर महासागरांचे तळ मुख्यतः बेसाल्टाचे असतात. या खडकांतील भेद दोन स्वतंत्र कारणांनी उद्‌भवतात : शिलारस कोठे थिजला व तो कशापासून निर्माण झाला.

वयन : ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर, अतिशय सावकाश थिजतो. त्यामुळे त्यातील खनिजांचे कण नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. बेसाल्ट लाव्ह्याच्या रूपाने पृष्ठावर येऊन लवकर थंड होतो व म्हणून सूक्ष्मकणी असतो. वायू निसटून राहिलेल्या पोकळ्याही त्यात पुष्कळदा आढळतात. बेसाल्टी शिलारस खोलवर थिजला, तर भरड गॅब्रो तयार होतो आणि ग्रॅनाइटी शिलारस पृष्ठावर आला, तर रायोलाइट. म्हणजे केवळ कणांच्या आकारमानावरून शिलारसाचा प्रकार ठरविता येत नाही.

संघटन : ग्रॅनाइटात सिलिका सु. ७० टक्के असते. क्वॉर्ट्झ, फेल्स्पारे व थोडे अभ्रक ही त्याची सामान्य खनिजे असून त्याचा रंग फिकट व वि. गु. सु. २·६ ते २·७ असते. बेसाल्टात सिलिका ४५ ते ५२ टक्के असते. कॅल्शियमयुक्त फेल्स्पार, पायरोक्सीन व कधीकधी ऑलिव्हीन यांमुळे तो काळसर व अधिक जड (वि. गु. सु. २·८ ते ३·०) असतो.

उत्पत्ती : अठराव्या शतकात व्हेर्नर यांच्या मते हे दोन्ही खडक आदिम सागराच्या पाण्यातून साचलेले होते. १७६३ मध्ये देमारे यांनी फ्रान्समधील ओव्हेर्न्य येथे बेसाल्टाचा संबंध ज्वालामुखींशी असल्याचे ओळखले. १७८५ मध्ये हटन यांना स्कॉटलंडमधील ग्लेन टिल्ट येथे ग्रॅनाइटाच्या शिरा जुन्या खडकांत घुसलेल्या दिसल्या व तो एके काळी द्रवरूप होता, हे स्पष्ट झाले.

मात्र ग्रॅनाइटी शिलारस येतो कोठून, हा वाद विसाव्या शतकातही चालू राहिला. बोएन यांच्या मते बेसाल्टी शिलारसातून जड खनिजे आधी स्फटिकरूप होऊन वेगळी झाली की, सिलिकायुक्त द्रव मागे उरतो. परंतु असा द्रव मूळ शिलारसाच्या मानाने थोडाच असतो. भूखंडांवरील ग्रॅनाइटाच्या प्रचंड राशींचा उलगडा केवळ या प्रक्रियेने होत नाही. टटल व बोएन यांनी १९५८ मध्ये दाखविले की, ग्रॅनाइटाचे संघटन पाण्याच्या सान्निध्यात सर्वांत कमी तापमानास वितळणाऱ्या मिश्रणाशी जुळते. त्यामुळे पुष्कळसा ग्रॅनाइट भूकवचातील जुने खडक अंशतः वितळून बनतो, असे आता मानतात. बेसाल्ट मात्र कवचाखालील प्रावरण अंशतः वितळून निर्माण होतो. त्याची उष्णता कवच वितळविण्यास पुष्कळदा कारणीभूत होते.

महाराष्ट्रातील आढळ : राज्याचा बहुतेक भाग सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाने व्यापलेला असून अजिंठा व वेरूळ येथील लेणी त्यातच खोदलेली आहेत. नांदेडच्या काही भागात व राज्याच्या पूर्व आणि दक्षिण कडेस त्याहून कितीतरी जुने ग्रॅनाइटी खडक उघडे पडलेले आहेत. कोयना परिसरातील वेधनांत सु. १,२५० मी. पर्यंत जाडीच्या बेसाल्टाखाली असेच खडक लागले. तेथील भूकंप मुख्यतः या खालच्या खडकांत उद्‌भवत असल्याने, वरच्या बेसाल्टाइतकाच त्याखालील ग्रॅनाइटी पाया जाणून घेणे आवश्यक ठरते.