पलटणीतून लोकल बोर्डात

पेन्शनर म्हटला, की वऱ्हाडातल्या बार्शीटाकळीपासून कोकणातल्या बाणकोटापर्यंत डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. ओसरी, आरामखुर्ची, वर्तमानपत्र आणि पहिल्या तारखेची वाट! गोपाळबाबा वलंगकर हेही १८८६ साली लष्करातून निवृत्त झालेले पेन्शनर. पण त्यांची खरी लढाई सुरू झाली ती पेन्शन मिळू लागल्यावर.

बाबा महाडजवळच्या रावढळचे. जात महार. गावात ज्याची सावलीही चालत नसे, त्याच्या हाती पलटणीने बंदूक दिली. शिवाय लष्करी शाळांतून महार शिपायांच्या घरांत अक्षर शिरले, आणि हे हत्यार बंदुकीहून धारदार ठरले. महात्मा फुल्यांच्या विचारांनी भारलेल्या बाबांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून धर्ममार्तंडांना जाब विचारला. 'दीनबंधू'त लेख लिहिले. दापोलीला पेन्शनरांची मोठी वस्ती. तेथे त्यांनी 'अनार्य दोष-परिहार मंडळी' स्थापन केली.

इतक्यात सरकारच उलटले! १८९२-९३ च्या सुमारास 'लढवय्या जाती' ठरवून फौजेची नवी रचना झाली आणि महारांची भरती थांबली. नोकरी गेली, म्हणजे पगार गेला, पेन्शन गेली, मुलांची शाळाही गेली. ज्यांच्या बापआज्यांनी कंपनी सरकारसाठी रक्त सांडले, त्यांना लढवय्ये म्हणायचे नाही? १८९४ मध्ये बाबांनी सरसेनापतींच्या नावे भरतीसाठी अर्ज लिहिला.

पुढच्याच वर्षी, १८९५ साली, महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. आता त्यांच्या शेजारी बसायचे कसे, अशी काही सवर्ण सभासदांना चिंता पडली! पलटणीत खांद्याला खांदा लावणाऱ्याची बोर्डातल्या खुर्चीला मात्र अडचण. वर्तमानपत्रांतून वाद रंगला. बोर्ड लहान, अधिकार बेताचे. पण ती खुर्ची मिळणे हीच त्या काळी मोठी गोष्ट होती.

१९०० साली बाबा वारले. पहिल्या महायुद्धाची निकड पडताच १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि काम सरल्यावर १९२१ मध्ये मोडलीही. २० मार्च १९२७ रोजी त्याच महाडात डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या परिषदेत अनेक पेन्शनर शिपाई होते. अखेर १९४१ साली महार रेजिमेंट स्थापन झाली, ती आजही भारतीय सैन्यात आहे. बाबांच्या अर्जाला तोवर सत्तेचाळीस वर्षे झाली होती.