होकारार्थी मानांच्या पलीकडे : शेतकरी प्रशिक्षणात क्लिकरचा वापर

प्रशिक्षणाच्या शेवटी ‘समजले का?’ असे विचारले, की बहुतेक माना होकारार्थी हलतात. त्या होकारातून व्याख्यात्याच्या हाती काहीच लागत नाही. हात वर करावयास सांगितले, तर पुढच्या रांगेतील प्रतिष्ठित शेतकऱ्याचा हात कोणत्या उत्तरावर वर जातो, याकडे मागच्यांचे लक्ष असते. महिला शेतकरी अनेकदा हात वर करीतच नाहीत. कीड व्यवस्थापनात याची किंमत मोठी आहे. ढालकिड्याची अळी प्रौढ ढालकिड्यासारखी मुळीच दिसत नाही. मावा फस्त करणारी ही काळपट, काटेरी अळी शत्रुकीड समजून कोणी फवारणी केली, तर मावा राखणारा पहारेकरीच नाहीसा होतो. ती कितीजणांना ओळखता येत नाही, हे भर सभेत मात्र कोणी सांगत नाही.

क्लिकर हे तळहातावर मावणारे, काही बटणांचे उपकरण. पडद्यावर छायाचित्र, प्रश्न व पर्याय दाखवावयाचे. प्रत्येकाने आपापले बटण दाबावयाचे. संगणकाला जोडलेला रिसीव्हर उत्तरे टिपतो आणि काही क्षणांत स्तंभालेख तयार होतो. कोणी काय दाबले, हे शेजाऱ्यालाही कळत नाही.

ही कल्पना आपल्या क्षेत्राला परकी नाही. १९८९ मध्ये इंडोनेशियात अन्न व कृषी संघटनेच्या साह्याने भातपिकासाठी शेतीशाळा सुरू झाल्या, त्यांत ‘मतपेटी चाचणी’ घेतली जाई. बांधावर काठ्या रोवून त्यांवर प्रश्नफलक लावीत. फलकाशेजारी प्रत्यक्ष कीटक किंवा कीडग्रस्त पान आणि खाली पर्यायांच्या पेट्या. शेतकरी योग्य वाटेल त्या पेटीत चिठ्ठी टाकी. हंगामाच्या आरंभी व शेवटी हीच चाचणी घेऊन दोहोंतील फरक पाहिला जाई. माझ्या मते क्लिकर हे त्या पेटीचेच वेगवान रूप आहे. पेटीत मात्र खरा कीटक समोर असे, हा तिचा वरचष्मा आजही मान्य करावा लागतो.

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली अध्यापनपद्धती येथे फार उपयोगी पडते. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यावयाचे, मग शेजाऱ्याशी चर्चा करावयाची आणि त्याच प्रश्नाला पुन्हा मत द्यावयाचे. कपाशीचेच उदाहरण घेऊ. प्रश्न असा : ‘गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यात काल रात्री आठ पतंग सापडले. आज काय कराल?’ पर्याय : लगेच फवारणी, मोजणी चालू ठेवून बोंडे तपासणे, सापळा काढणे, माहीत नाही. आर्थिक नुकसानीची पातळी प्रति सापळा आठ पतंग सलग तीन रात्री, अथवा दहा टक्के फुले किंवा हिरवी बोंडे प्रादुर्भावग्रस्त, अशी आहे. म्हणजे वीस हिरवी बोंडे फोडून पाहिल्यावर दोनांत अळी आढळली, तर उपाययोजना करावयाची. एका रात्रीच्या आकड्यावर फवारणीचा निर्णय घ्यावयाचा नाही.

पहिल्या मतदानाचा आलेख लगेच दाखवू नये. उंच स्तंभ दिसला, की चर्चा थांबते आणि दुसऱ्या वेळी लोक त्या स्तंभाकडे सरकतात. उत्तरे विभागलेली असतील, तर पाच मिनिटे गप्प राहून शेतकऱ्यांचे बोलणे ऐकावे. ‘शेजाऱ्याने फवारले, आता त्याचे पतंग माझ्याकडे येणार’ हे कारण कोणत्याही पुस्तकी पर्यायात नसते. पुढच्या मार्गदर्शनाचा खरा विषय मात्र तेच असते.

‘माहीत नाही’ हा पर्याय प्रत्येक प्रश्नात असलाच पाहिजे. त्याखेरीज अज्ञान अंदाजात दडून जाते. आणखी एक भेद पाळावा. पुढची बैठक कोणत्या वारी घ्यावी, हे बहुमताने ठरू शकते. अळी शत्रू की मित्र, हे ठरत नाही. वस्तुस्थितीच्या प्रश्नावर दुसऱ्या मतदानानंतर योग्य उत्तर कारणांसह सांगितलेच पाहिजे, सभागृहाचे मत काहीही असो.

उपकरणांच्या क्रमांकांपुढे नावे लिहू नयेत. ही नोंद अनुदानाच्या यादीसाठी आहे, अशी शंका आली, की सगळी उत्तरे ‘बरोबर’ येऊ लागतात!

क्लिकर संच महाग असतो. बॅटऱ्या सांभाळाव्या लागतात. अशा वेळी छापील संकेतचित्रांची कार्डे हा चांगला पर्याय आहे. कार्ड ज्या बाजूने वर धरावे, त्यावरून उत्तर ठरते आणि प्रशिक्षकाचा एकच मोबाइल कॅमेरा सर्व कार्डे वाचतो. शेतकऱ्याकडे स्मार्टफोन नसला तरी अडत नाही. कार्डही नसेल, तर चिठ्ठ्या आणि चार डबे पुरतात. मोजणीला थोडा वेळ लागतो, इतकेच.

हंगामाअखेर तेच प्रश्न पुन्हा विचारावेत, मात्र छायाचित्रे बदलून. ढालकिड्याची अळी आधी पाठीवरून दाखवली असेल, तर या वेळी पानाखाली माव्याच्या घोळक्यात बसलेली दाखवावी.