पन्नाशीचा माणूस, पन्नाशीचे शस्त्र

आपल्या जन्मसालाविषयी माणसाला एक सुप्त ओढ असते. कुणी त्या साली पाडलेली नाणी जमवतो, कुणी त्या वर्षीची टपाल तिकिटे. अमेरिकेतील काही संग्राहक मात्र आपण जन्मलो त्याच वर्षी कारखान्यातून बाहेर पडलेले रिव्हॉल्व्हर शोधत असतात. शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोहोंपेक्षा अधिक अग्निशस्त्रे बाळगता येत नाहीत, अशा देशातील वाचकाला हा छंद चमत्कारिक वाटेल. तथापि वस्तूचे मूल्य कशाने ठरते, याचा तो उत्तम वस्तुपाठ आहे.

या शोधाचा आधार म्हणजे शस्त्रावरील अनुक्रमांक. हार्टफर्डच्या कोल्ट व स्प्रिंगफील्डच्या स्मिथ अँड वेसन या जुन्या कारखान्यांच्या मालाचे निर्मितिवर्ष त्यावरून बहुधा सांगता येते. शंका उरल्यास शुल्क भरून जुन्या दप्तरातील नोंदीचा दाखला मिळवता येतो. परंतु हवे ते साल हाती लागेलच असे नाही. १८७३ पासून निघणाऱ्या कोल्टच्या प्रसिद्ध 'सिंगल ॲक्शन आर्मी'चे उत्पादन दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास थांबले, ते १९५६ मध्येच पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात जन्मलेल्याच्या नशिबी ते नाही. १९४३ साली जन्मलेल्याला स्मिथ अँड वेसनचे हवे असेल, तर मुख्यतः युद्धासाठी घडवलेल्या, बिनचकाकीच्या 'व्हिक्टरी'वर समाधान मानावे लागते.

जन्मसाल कुणालाच बदलता येत नाही. म्हणून ही मागणी किमतीपुढे सहसा वाकत नाही. पुरवठा तर कायमचा गोठलेला. १९५५ साली बाजारात आलेल्या 'पायथन'चे उत्पादन कोल्टने २०२० मध्ये नव्याने सुरू केले, तरी १९५५ च्या नगांत त्यामुळे एकाचीही भर पडली नाही. शिवाय ज्यातून गोळी झाडली गेलेली नाही, ज्याची मूळ झिलई शाबूत आहे आणि ज्याचे खोकेही जपलेले आहे, अशा नगाला अधिक भाव येतो. ॲडम स्मिथने उपयोगमूल्य व विनिमयमूल्य यांत भेद केला होता. येथे वस्तू न वापरणे हेच तिच्या विनिमयमूल्याचे उगमस्थान बनते.

हाच तर्क कायद्यानेही स्वीकारलेला दिसतो. १९६८ च्या अमेरिकी शस्त्रनियंत्रण कायद्याखालील नियमांनुसार मूळ स्वरूपातील अग्निशस्त्र पन्नास वर्षांचे झाले की ते 'दुर्मीळ वस्तू' गणले जाते. तीन वर्षांसाठी तीस डॉलर भरून संग्राहकाचा परवाना घेणाऱ्याला असे शस्त्र परराज्यातूनही मागवता येते. त्याने खरेदी-विक्रीची नोंदवही ठेवायची असते. मात्र केंद्रीय कायद्यानुसार प्रत्येक खरेदीच्या वेळी पूर्वेतिहासाची तपासणी होत नाही. म्हणजे पन्नाशी गाठलेल्या माणसाबरोबर त्याचे जुळे शस्त्रही कायद्याच्या दृष्टीने वयोवृद्ध ठरते.

येथेच गल्लत होते. पोलादाला पन्नाशीचे भान नसते. '.३८ स्पेशल' हे काडतूस आजही सर्रास विकले जाते आणि १९५५ चे रिव्हॉल्व्हर ते तितक्याच चोखपणे झाडते. अमेरिकेत २०२१ साली अग्निशस्त्रांनी ४८ हजारांहून अधिक माणसे दगावली व त्यांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. हा दोष संग्राहकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु घरातील शस्त्र घरातल्याच माणसाचा घात करू शकते, हे विसरून चालणार नाही.

छंदावर बंदी घालावी, असा याचा अर्थ नव्हे. न वापरण्यातच ज्याचे मोल आहे, ते कुलूपबंद ठेवल्याने संग्राहकाचे कवडीचेही नुकसान होत नाही. कायद्यानेही शस्त्राचे वय न पाहता त्याची मारकता पाहावी, आणि मालकाच्या पश्चात ते कोणाकडे जाणार याची नोंद आधीच मागावी. कारण जन्मसालाची ती ओढ मालकाबरोबरच संपते. वारसाच्या हाती उरते ते केवळ रिव्हॉल्व्हर.