वेगळं नाव ठेवताय? आधी अर्थ तपासा

बारशाची तारीख ठरली की घरात नावांच्या याद्या फिरू लागतात. आत्याची एक, मामाची एक, आजीच्या मनातलं कुलदैवताचं एक. आई-बाबांची अट मात्र एकच असते: आपल्या नात्यात, सोसायटीत, वर्गात कुणाचंच नसेल असं नाव हवं. ही हौस रास्त आहे. पण वेगळेपणाच्या शोधात अर्थाची चौकशी राहून जाते आणि मोबाइलवर जे दिसेल ते खरं मानलं जातं. मूल हे नाव जन्मभर वागवणार आहे, म्हणून नेहमी ऐकू येणारे काही समज नीट तपासून घेऊ.

गैरसमज १: यादीत नावापुढे दिलेला अर्थ बरोबरच असतो.

वस्तुस्थिती: गेल्या काही वर्षांतलं लाडकं नाव 'आरव' घ्या. अनेक याद्यांत त्याचा अर्थ 'शांत' असा दिलेला असतो. संस्कृतात 'रव' म्हणजे आवाज, आणि 'आरव' म्हणजेही आवाज, आरोळी. 'शांत' हा अर्थ बहुधा 'अरव'वरून आला असावा, कारण तिथे 'अ' नकारार्थी आहे. एका ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ पार उलटा झाला. खरं तर मराठी माणसाला हे कोशात पाहायचीही गरज नाही. आपल्याकडे पहाटे कोंबडा आरवतो, तो याच घराण्यातला शब्द. म्हणून 'आरव' वाईट ठरत नाही. 'निनाद' हेही आवाजाचंच नाव आहे आणि ते आपण कौतुकाने ठेवतो. फक्त मुलाला अर्थ सांगताना खरा सांगावा.

'कियारा'चंही तसंच. 'अंजाना अंजानी' (२०१०) या चित्रपटातल्या नायिकेमुळे हे नाव आपल्याकडे ओळखीचं झालं. उच्चाराने त्याच्या जवळची दोन युरोपीय नावं आहेत. इटालियन 'कियारा' म्हणजे स्वच्छ, तेजस्वी, तर आयरिश 'कीरा' म्हणजे काळ्या केसांची, सावळी. नाव कुठून घेतलं हे ठरल्याशिवाय त्याचा अर्थ सांगता येत नाही.

गैरसमज २: नाव संस्कृतसारखं वाटलं की ते संस्कृतच.

वस्तुस्थिती: 'शिवांश' म्हणजे शिव अधिक अंश, यात शंका नाही. पण 'रेयांश'चा अर्थ 'प्रकाशाचा किरण' असा दिला जातो, तेव्हा त्यातला 'रे' इंग्रजीतला असतो. किरण या अर्थाचा 'रेय' संस्कृतात नाही. 'शिवन्या'ची गोष्ट याहून बारीक आहे. 'अनन्या' हे नाव 'अन्' आणि 'अन्या' मिळून झालं आहे: जिच्यासारखी दुसरी नाही ती. त्यातला 'न्या' हा सुटा करून कुठेही जोडावा असा प्रत्यय नव्हे. 'शिवन्या'त तो तसा जोडला गेला आहे. त्याऐवजी 'शिवानी' किंवा 'शिवांगी' घेतलं तर अर्थही सांगता येतो.

नवं नाव घडवायला बंदी नाही. भाषा अशीच वाढते. पण दुर्मिळ नावासाठी शब्द मोडून जोडण्याची गरजही नाही. लोपामुद्रा आणि घोषा या ऋग्वेदातल्या स्त्रिया आहेत. 'शाल्मली' म्हणजे रानात लाल फुलांनी बहरणारी काटेसावर. 'तमाल' हा वृक्ष आहे. 'ओवी' आणि 'अभंग' तर आपल्या संतांच्या घरचे शब्द. ही नावं आजही फारशी ऐकू येत नाहीत आणि प्रत्येकाचा अर्थ पक्का आहे.

गैरसमज ३: कोशातला अर्थ म्हणजेच नावाचा पूर्ण अर्थ.

वस्तुस्थिती: 'अनिकेत' म्हणजे ज्याला घर नाही तो. एवढंच वाचलं तर कुणी हे नाव ठेवणार नाही. पण भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात हा शब्द स्थिरबुद्धीच्या भक्ताच्या वर्णनात येतो: घरादारात न गुंतलेला. 'अनय'ची बाजू वेगळी. कोशात त्याचा अर्थ अनीती, दुर्वर्तन असा आहे, तर मराठी परंपरा अनयाला राधेचा पती म्हणून ओळखते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या माहीत करून घेऊन निर्णय आई-बाबांनी घ्यावा. नंतर कुणी सांगितलं म्हणून हळहळण्यापेक्षा हे बरं.

गैरसमज ४: जुनी मराठी नावं सगळी संस्कृतातून आलेली, बाहेरचं नाव म्हणजे आजचं फॅड.

वस्तुस्थिती: मालोजीराजांच्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून ती ठेवली, अशी परंपरा सांगते. 'हैबतराव'मधली हैबत आणि 'फत्तेसिंह'मधली फत्ते मुळात अरबी, 'गुलाबराव'मधला गुलाब फारसी. शतकानुशतकं ही नावं मराठी घरांत नांदली आणि मराठीच झाली. दुसरीकडे धोंडू, दगडू, केरू ही अस्सल मराठी नावं. आधीची मुलं दगावली की पुढच्याला दृष्ट लागू नये, मृत्यूचं लक्ष जाऊ नये म्हणून ती ठेवत. त्या नावांमागे आईबापांचं भय आणि माया होती. मूळ कुठलंही असो, ते माहीत असलं की नावाचा मान राखता येतो.

गैरसमज ५: राशीच्या अक्षरावरूनच नाव ठेवायला हवं.

वस्तुस्थिती: पंचांगात २७ नक्षत्रांच्या प्रत्येकी ४ चरणांना मिळून १०८ अक्षरं दिलेली असतात. त्यात आर्द्रेचा 'ङ', हस्ताचा 'ण' आणि उत्तराभाद्रपदेचा 'ञ' आहे. या अक्षरांनी नाव सुरू करायचं म्हटलं तर शब्दच सापडत नाही. म्हणून जुन्या घरांत सोय होती: पत्रिकेतलं जन्मनाव, म्हणजे नावरस नाव, वेगळं आणि हाक मारायचं वेगळं. पारस्कर गृह्यसूत्रातले नामकरणाचे नियमही नावाची अक्षरसंख्या, सुरुवातीचा वर्ण आणि शब्दाची घडण यांबद्दल आहेत. नक्षत्राच्या अक्षराची सक्ती तिथे नाही. अक्षराच्या अटीपायी अर्थहीन नाव पत्करू नका.

गैरसमज ६: २१ दिवसांत नाव ठरलं नाही तर जन्मदाखला अडतो.

वस्तुस्थिती: १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार २१ दिवसांत कळवायचा असतो तो जन्म. नावाशिवायही नोंद होते. पुढच्या १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा घाई नको, पण काळजी हवी. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा जन्मदाखलाच आहे. दाखला हातात येताच देवनागरी आणि इंग्रजी, दोन्ही लिखाणं अक्षर न् अक्षर तपासा.

गैरसमज ७: नावाच्या अर्थाने काय होतंय?

वस्तुस्थिती: याचं उत्तर सातारा जिल्ह्याने दिलं आहे. मुलगा हवा असताना मुलगी झाली, म्हणून कित्येक घरांत तिचं नाव 'नकुशी' ठेवलं गेलं. शाळेच्या हजेरीपटावर रोज त्याच नावाने हाक. ऑक्टोबर २०११मध्ये जिल्हा प्रशासनाने पुढाकार घेऊन अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली. अर्थाने काही होत नसतं, तर या समारंभाची गरजच पडली नसती.

म्हणून आई-बाबांना, आणि बारशाला नाव उच्चारणाऱ्या आत्याला, एवढीच विनंती. नाव पक्कं करण्याआधी संस्कृत शब्दासाठी वामन शिवराम आपट्यांचा कोश, मराठीसाठी मोल्सवर्थ किंवा दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, आणि पुराणातल्या व्यक्तीसाठी चित्रावशास्त्र्यांचा चरित्रकोश उघडा. मोठ्या ग्रंथालयांत हे मिळतात, काही तर इंटरनेटवरही आहेत. शब्द सापडला नाही, तर भाषेच्या शिक्षकाला विचारा. एका संध्याकाळचं काम आहे. उद्या मूल विचारेल, "माझ्या नावाचा अर्थ काय?" तेव्हा त्याला खरं उत्तर मिळायला हवं. नाव वेगळं असो वा नसो, तेवढा त्याचा हक्क आहे.