ठसका थांबला, पण वस्तू आतच राहिली

मंडळी, आज सुरुवात पेनाच्या बुचापासून करू. पेनाच्या मागच्या टोकाला प्लॅस्टिकचं एवढंसं बूच असतं आणि मुलं ते चावत बसतात. असंच एक बूच आम्ही सात वर्षांच्या एका मुलीच्या उजव्या फुप्फुसातून काढलं. ते आत गेल्याला तोवर दहा महिने झाले होते.

या दहा महिन्यांत तिला तीनदा न्यूमोनिया झाला, तिन्ही वेळा उजव्या बाजूला, खालच्या भागात. औषधं दिली की ताप उतरायचा आणि काही आठवड्यांनी परत यायचा. मध्ये कुणीतरी दमा म्हणून पंप दिला. टीबीची औषधं सुरू करावीत का, अशीही चर्चा झाली. आणि हे सांगायलाच हवं, की या काळात ती एकदा आमच्याही ओपीडीत येऊन गेली होती. आम्ही एक्स-रे पाहिला, डाग पाहिला, औषध लिहिलं. 'कधी जोराचा ठसका लागला होता का?' हा प्रश्न आम्ही विचारला नाही.

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते पाहू. वस्तू श्वासनलिकेत शिरते तेव्हा जबरदस्त ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं, कधी चेहरा निळसर होतो. मग वस्तू खाली सरकते आणि एका फाट्यात अडकते. उजवा फाटा जास्त रुंद आणि जास्त सरळ खाली जाणारा असतो, म्हणून बहुतेकदा तिथंच. आतल्या अस्तराला हळूहळू तिची सवय होते आणि खोकला थांबतो. घरचे म्हणतात, 'गिळलं असेल, गेलं पोटात.' इथंच फसगत होते. ही शांतता काही तास टिकते, कधी कित्येक महिने. नंतर जो त्रास सुरू होतो, त्याचा त्या जुन्या ठसक्याशी संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही.

'मग एक्स-रेत दिसत नाही का?' खिळा, टाचणी, नाणं दिसेल. पण आपल्याकडच्या मुलांच्या छातीतून निघतं काय? शेंगदाणा, हरभरा, चिंचोका, सीताफळाची बी, खेळण्याचा प्लॅस्टिकचा तुकडा. यातलं काहीच एक्स-रेवर सहसा उमटत नाही. दिसतात ते परिणाम. वस्तू कधी सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखं काम करते, म्हणजे हवा आत जाते, पण बाहेर येत नाही. श्वास सोडल्यावर काढलेल्या फोटोत ती बाजू फुगलेली आणि जास्त काळी दिसते, हृदय दुसऱ्या बाजूला ढकललेलं दिसतं. श्वास घेताना काढलेला फोटो मात्र अगदी चांगला दिसू शकतो! सीटी स्कॅनची मदत होते. तरीही ठसक्याची हकिगत पक्की असेल आणि छातीला नळी लावल्यावर एका बाजूचा आवाज कमी येत असेल, तर नॉर्मल एक्स-रेवर विसंबून मुलाला घरी पाठवू नये. दुर्बीण घालून पाहावं. दम्याची शिट्टी साधारण दोन्ही बाजूंना ऐकू येते. एकाच बाजूला येत असेल तर शंका घ्यावी.

दुर्बिणीने वस्तू काढण्याची सुरुवात १८९७ सालची. जर्मनीत फ्रायबुर्गला गुस्ताव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या फुप्फुसाच्या वाटेत अडकलेलं हाड नळी घालून बाहेर काढलं. पुढे अमेरिकेत शेव्हालिए जॅक्सन यांनी या कामाची शिस्त घालून दिली. त्यांनी जमवलेल्या, लोकांनी गिळलेल्या आणि श्वासातून आत ओढलेल्या २,३७४ वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात खणांत मांडून ठेवल्या आहेत. त्यांत सेफ्टी पिना किती आहेत हे पाहून थक्क व्हायला होतं.

आज मुलाला पूर्ण भूल देऊन धातूची सरळ नळी तोंडातून श्वासनलिकेत उतरवतात. भूलतज्ज्ञ त्याच वाटेनं श्वास देतात आणि सर्जन त्याच वाटेनं चिमटा घालतात. एकच रस्ता आणि दोघांचा हक्क, म्हणून आधी दोघांचं नीट बोलणं झालेलं हवं. शेंगदाणा जास्त दाबला तर फुटतो आणि तुकडे खोल जातात. शिवाय त्यातल्या तेलानं आतलं अस्तर सुजतं. हरभरा ओल शोषून फुगतो. सगळ्यांत धोक्याची जागा स्वरयंत्राखालची. बाहेर ओढताना वस्तू तिथं निसटली तर दोन्ही फुप्फुसांची हवा बंद होते. अशा वेळी निघत नसेल तर ती पुन्हा एका फाट्यात ढकलायची, म्हणजे दुसरं फुप्फुस चालू राहतं.

आता त्या मुलीकडे येऊ. चौथ्यांदा न्यूमोनिया झाला तेव्हा आमच्यातल्या एकीनं आईला बाहेर बसवून मुलीशी गप्पा मारल्या. पेन चावतेस का, विचारलं. मुलगी गप्प. मग हळूच म्हणाली, 'आई मारेल.' वर्गात बूच आत गेलं होतं, ती खूप खोकली होती आणि घरी तिनं सांगितलं नव्हतं. तिला दहा महिने ठाऊक होतं!

दुर्बिणीतून पाहिलं तर बुचाभोवती लाल, मऊ मांस वाढलं होतं. हात लावला की रक्त. दोनदा प्रयत्न केला, निघालं नाही. शेवटी छाती उघडली. त्यामागचा फुप्फुसाचा खालचा भाग पू साचून कायमचा खराब झाला होता, तो बुचासकट काढावा लागला. पहिल्या आठवड्यात निदान झालं असतं तर बहुधा दुर्बिणीवरच भागलं असतं, दुसऱ्या दिवशी घरी. मुलगी आता बरी आहे, पळते, खेळते. छातीवर व्रण आहे.

समोरून प्रश्न आलाय, की ठसका लागला तर घरी काय करायचं? मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका. आवाजच निघत नसेल तर पालथं, डोकं खाली करून पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्या आणि कुणाला तरी अँब्युलन्सला फोन करायला सांगा. आणि ठसका आपोआप थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, काय खात होतं तेही सांगा.

दुसरा प्रश्न, शेंगदाणे कधीपासून द्यायचे? अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको. बारीक कूट करून भाजीत घाला, काही हरकत नाही.